अठरा वर्गांची हजेरी

सरकारी नोकरीत माझ्या हातून झालेल्या चुकांची यादी लांब आहे, पण त्यातली एक अशी आहे की तिच्यापुढं बाकीच्या अगदीच मिळमिळीत वाटतात. एका दुपारी मी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची अठरा थडगी टेप लावून मोजली, त्यांत किती ब्रास दगड भरतो ते काढलं आणि मोजल्याची खूण म्हणून त्यांच्यावर चुन्याचं पाणी शिंपडलं. वर शेराही मारला: "ढीग नियमाप्रमाणे चौकोनी न रचता गोल रचलेले आढळले. संबंधितांना समज देण्यात यावी."

संबंधितांना समज द्यायला मला किती मागं जावं लागलं असतं, ते पुढं गुरुजींनी सांगितलं.

तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. इतका नवा, की माणसं पत्ता लिहिताना आधी जुना जिल्हा लिहीत, मग जीभ चावून खोडत. आणि दुष्काळ होता. हापसा दाबला की आधी हवा यायची, मग गंज, आणि नशीब असलं तर पाणी. मी हंगामी ओव्हरसिअर, डिप्लोमाची शाई ओली असलेला. अहमदपूरच्या पलीकडं, कंधारच्या शिवेला लागून असलेल्या एका गावात रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं, तिथं मला पाठवलं. फाइलीत एक ओळ होती: "बहात्तरच्या दुष्काळी कामातला दगड गावाजवळ शिल्लक असल्याचे समजते." मी शोधायला निघालो. रस्त्याकडेला काहीच नव्हतं, कारण बहात्तरचा दगड कधीच गावाच्या भिंतींत जाऊन बसला होता. पण गावाबाहेरच्या माळावर चढलो आणि डोळे फिरले. एक नाही, दोन नाही, अठरा ढीग! प्रत्येकाभोवती मोठ्या धोंड्यांचं कडं. मी म्हटलं, बहात्तरचे ओव्हरसिअर आळशी खरे, पण दिलदार.

ज्यांनी कधी खडी फोडली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोडलेल्या दगडाचा ढीग मोजून झाला की त्यावर चुना शिंपडायचा, ही आमची रीत. कुणी त्यातला दगड काढला की पांढऱ्यावर काळं लगेच दिसतं. चुना पडलेला ढीग म्हणजे सरकारनं मोजलेला ढीग. मराठवाड्यातल्या बाईमाणसालाही हे ठाऊक होतं, कारण बहात्तरला अर्धा मराठवाडा त्या ढिगांपाशी बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळावर एका धोंड्यावर बसून बिडी ओढत होतो. मागून आवाज आला.

"सातवर कोण बसलंय?"

वळून पाहिलं तर एक वाळलेला म्हातारा. पांढरा पायजमा, गळाबंद कोट, पावसाचा पत्ता नसताना हातात छत्री, आणि काखेत शाळेतलं हजेरीचं रजिस्टर.

"काय?"

"सात. तू सातवर बसलायस. ऊठ."

मी उठलो. म्हाताऱ्यानं छत्रीच्या टोकानं धोंड्याला हलकेच स्पर्श केला, रजिस्टरात खूण केली आणि आठकडं वळला. मग त्याची नजर ढिगावरच्या चुन्यावर गेली, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत शुद्ध मराठी मी त्या माळावर ऐकलं.

"आपण हे काय करून ठेवले आहे? आपल्या पूर्वजांच्या अंगावर असा चुना ओतला असता तर आपणांस कसे वाटले असते?"

गुरुजी खुशीत असले की गावचं बोलत, संतापले की पुस्तकातलं. हे मला नंतर कळलं. त्या सकाळी कळला तो फक्त बोटाला बसलेला बिडीचा चटका.

गुरुजी त्याच गावचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सवयीनं दहाला घराबाहेर पडले, शाळेत जागा नव्हती म्हणून माळावर गेले, आणि तिथं त्यांना मोठी शाळा सापडली. धोंड्यांची अठरा कडी, म्हणजे अठरा वर्ग. कड्यातला प्रत्येक धोंडा एक विद्यार्थी. एकूण पट दोनशे चौदा. "मी चौथीपर्यंतचा मास्तर," ते सांगत, "पण मपल्या शाळंत अठरावीपर्यंत वर्ग हायत. लातूरला बी न्हाईत तेवढे."

रोज सकाळी हजेरी. प्रत्येक नंबर मोठ्यानं पुकारायचा, क्षणभर थांबायचं, मग खूण. गैरहजर आढळला की त्याचा शोध. गावाला दगड लागायचा, आणि माळावरचा दगड ही फुकट खाण. कुणाच्या उंबऱ्याला, कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या पाटा-वरवंट्याला. गुरुजी पळालेल्या पोराच्या घरी जावं तसे त्या घरी जात. भांडण नाही, आवाज नाही. दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "तुमच्याकडं एकशे तीन आलाय का?"

पारूबाईच्या दारात ते अकरा दिवस उभे होते. पारूबाई म्हणजे आमच्या कामावरच्या बायांच्या टोळीची पुढारीण. डोक्यावर पाटी, तोंडात तंबाखू, आणि आमच्या डेप्युटी इंजिनिअर साहेबालाही "ओ सायेब, सावलीत उभं ऱ्हाऊन काय दिसतंय?" म्हणणारी. तिनं धुण्याला बावीस नंबर नेला होता. गुरुजी सकाळी तिच्या दारात जाऊन पुकारत, "बावीस?" पहिले तीन दिवस तिनं दार लावलं. चौथ्या दिवशी आतून ओरडली, "हजर हाय गुर्जी, धुणं धून राहिला!" गुरुजींनी गंभीरपणे रजिस्टरात लिहिलं: "बावीस, दुसऱ्याच्या घरी कामाला." बाराव्या दिवशी पारूबाईनं चार बायांना घेऊन धोंडा लोटत माळावर नेला.

"न्या तुमचा पोरगा," ती म्हणाली. "त्येच्यावर कपडे आपटायला लागलं की कुनीतरी बगत बसल्यावानी वाटतंय."

"बगतच होता," गुरुजी म्हणाले.

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. शेताच्या गाडीवाटेसाठी अकरावा ढीग अर्धा खणला गेला तेव्हा मातीतून आतून काळा, बाहेरून लाल असा खापराचा तुकडा निघाला. गुरुजींनी तो जेवणाच्या डब्यात कापसावर ठेवला आणि एस.टी.नं लांब जाऊन कुठल्याशा प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी बघून सांगितलं, अडीच-तीन हजार वर्षांची थडगी आहेत, राखायला हवीत. "राखायला हवीत," एवढं ऐकून गुरुजी परतले, आणि तिथपासून त्यांच्या सरकारकडं दरख्वास्ती सुरू झाल्या. तीस-बत्तीस तरी लिहिल्या असतील. जुन्या जिल्ह्यातून उत्तर आलं, तुमचं गाव आता नव्या जिल्ह्यात. नव्याकडून उत्तर आलं, तुमचे कागद अजून आले नाहीत. कागद मधल्या रस्त्यात कुठंतरी पेटीत होते.

मग त्यांनी गावाला इतिहास सांगितला. गावानं ऐकला आणि संध्याकाळी दोन धोंडे गेले. मग नाइलाजानं, आयुष्यभर पोरांना भूत नसतं असं शिकवलेल्या त्या माणसानं भुताची आवई उठवली. त्याचा परिणाम उलटाच झाला. लोक म्हणाले, भुताच्या घरचा दगड आपल्या उंबऱ्याला असला तर दुसरं भूत आत यायचं न्हाई. त्या आठवड्यात पाच गैरहजर, आणि ते परत आणेपर्यंत गुरुजींचे जोडे झिजले.

आणि मग मी आलो, बादलीभर चुना घेऊन.

दोन दिवस गुरुजी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माळावरून छत्री फिरवत खाली आले.

"ओवरसेर, चुना हाय का अजून?"

"आहे. का?"

"दोनशे चौदा पट, दोनशे चौदा हजर. एक बी पळाला न्हाई." त्यांचा चेहरा निकाल लागलेल्या शाळेसारखा झाला होता. "अरे, मी सात साल बोंबलून राहिलो. इतिहास सांगितला, कायदा सांगितला, भूत सांगितलं. अन् तुपल्या एका बादलीनं काम तमाम! पूर्वजाला भीत न्हाईत लोक, मोजमापाला भितेत."

त्या दिवसापासून मी माळावरच्या शाळेचा मान्यताप्राप्त रंगारी झालो. पाऊस नव्हता, त्यामुळं चुना धुतला जात नव्हता. दुष्काळानं त्या गावात एवढं एकच भलं काम केलं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, गुरुजी, या दगडांत तुमचं एवढं काय गुंतलंय? ते पंधरावीच्या वर्गात होते. पुकारणं थांबवून त्यांनी गावाकडं छत्री केली.

"मपला आजा गावाच्या शिवेचा राखणदार. शिवेचा दगड कुठला, यावर त्येचा शब्द आखरी. पाटील बी मान खाली घालून ऐकायचा. अन् त्यो मेला तवा त्येला कुठं पुरलं? वढ्याच्या पल्याड, येगळं. गावात तीन मसणवटे हायत. तिन्हीच्या वाटंवर जात इचारतेत. आमी छप्पनला दीक्षा घेतली, तवापासून आमी न्हाई सांगत, पण इचारणारे इचारतेत." मग छत्री जमिनीकडं वळवली. "ह्यो चौथा मसणवटा. हितं झोपलेल्यांची जात कुणाच्या बापाला ठाऊक न्हाई. ओवरसेर, अख्ख्या गावात ही एकच जागा हाय, जिथं समदे नुस्ते मेलेत."

आणि पुन्हा पुकारा सुरू केला. "एकशे ऐंशी?"

आता माझी खरी करामत ऐका. मी मोजलेल्या अठरा ढिगांची यादी मी विसरलो होतो, पण यादी मला विसरली नव्हती. ती वर गेली. तलावाचा बांध उभा राहिला होता, त्याच्या पोटाला दगडाचं अस्तर लावायचं, म्हणजे पिचिंग करायचं होतं. एका गुरुवारी डेप्युटी साहेबांचा कागद आला: "माळावरील अठरा ढिगांचा तयार दगड पिचिंगसाठी वापरावा. सोमवारी ट्रॅक्टर येतील. दगड शोधल्याबद्दल संबंधित ओव्हरसिअर कौतुकास पात्र." नोकरीत मला मिळालेलं ते पहिलं कौतुक, आणि ते मी घडी घालून खिशात कोंबलं.

खरं सांगावं तर थडगी ब्रासवर मोजणारा माणूस म्हणून जिल्हाभर नाव होणार. हंगामी माणसाची नोकरी, एका शेऱ्यावर जाते. खोटं चालू द्यावं तर सोमवारी दोनशे चौदा पोरं ट्रॅक्टरमध्ये. मी कागद घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी वाचला, दोनदा वाचला, चष्मा पुसला.

"ओवरसेर, ढीग मोजताना उघडून बघितला व्हतास का?"

"उघडून?"

"तुमचा कायदा काय हाय? आत माती भरलीय का बघायला दहातला एक ढीग फोडायचा असतो. बहात्तरला मी मस्टरवर कारकुनी केलीय, मला शिकवू नकोस."

उघडून पाहिला असता तर ही वेळच आली नसती.

"मग आता फोड," गुरुजी म्हणाले. "साहेबाच्या हातानं फोड. अकरावीचा फोड. त्या पोराचं दप्तर आधीच फुटलंय."

त्या संध्याकाळी, ऊन कलल्यावर, त्यांनी दुसऱ्यांदा हजेरी घेतली. आजवर तसं कधी केलं नव्हतं. अकरावीच्या वर्गात ते बराच वेळ उभे होते. मी लांबून पाहिलं, ते रजिस्टर मिटून काहीतरी बोलत होते. शाळेत तपासणीला साहेब येणार असला की मास्तर पोरांना समजावतो, तसं.

डेप्युटी साहेबांचा एक लौकिक होता. ढिगाला बुटाची ठोकर मारून आत माती आहे की नाही ते सांगतात म्हणे. पुष्कळ गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, त्या बुटानं बुडाले होते. सोमवारी सकाळी जीप आली, मागून ट्रॅक्टर आले. पारूबाईची टोळी पाट्या घेऊन हजर. साहेबांनी गॉगलमधून माळ पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

पारूबाई पुढं आली. "सायेब, एक इचारू? ढिगात माती हाय म्हनून गावात बोलून राहिलेत."

"कोण म्हणतं?"

"समदेच. अन् आमचं काय? आयता दगड लावला तर दोन हप्त्यात काम खलास. खाणीतून फोडून आनला तर आमच्या हाताला चार म्हैने काम हाय. आयत्या ढिगाची आमाला कशाला माया?"

साहेबांनी दुसरं वाक्य ऐकलंच नाही. पहिलं त्यांच्या बुटापर्यंत पोचलं होतं. ते थेट ढिगाकडं निघाले. गुरुजी छत्री आडवी धरून मधे उभे राहिले आणि अतिशय नम्रपणे, अतिशय शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, तपासणी करावयाचीच असेल तर हा अकरावा पाहावा. याविषयीच तक्रार आहे."

ठोकर बसली. साहेबांनी कान तिरपा केला. "पोकळ आहे! माती आहे! फोडा!"

दगडांचे दोन थर निघाले आणि खाली काळी, भुसभुशीत माती. साहेबांचा चेहरा उजळला. "बघा! मी म्हटलं नव्हतं? ओव्हरसिअर, हे काय आहे?" "अजून खोदा. किती माती भरलीय बघू."

आणखी हातभर माती बाजूला झाली, आणि खोदणाऱ्याचा हात थांबला. एका मडक्याचा काठ वर आला होता, बाहेरून लाल, आतून काळा, सबंध. बाजूला गंजून फुगलेली लोखंडाची कुऱ्हाड. आणि त्याच्या पलीकडं, कुशीवर झोपलेल्या माणसाची असावी तशी, हाडं.

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. खालची माती सुटली आणि मडकं कलंडू लागलं. पारूबाईनं डोक्यावरची चुंबळ काढली, खड्ड्यात गुडघे टेकले आणि चुंबळ मडक्याखाली सरकवली. जिच्यावर तिनं जन्मभर पाट्या आणि घागरी वाहिल्या, त्या चिंध्यांच्या कड्यात ते मडकं ठाम बसलं. जणू त्याच मापाची केली होती.

"बस माय," ती मडक्याला म्हणाली. "पडू नगंस."

साहेबांनी गॉगल काढला. "हे कुणाचं आहे?"

"तेवढंच इचारू नका, साहेब," गुरुजी म्हणाले. आता ते गावचं बोलत होते. "आपल्या समद्यांच्या आधीचं हाय. बस."

मग साहेब माझ्याकडं वळले. आता पळून उपयोग नव्हता. मी म्हणालो, "साहेब, हे ढीग बहात्तरचे नाहीत. माझी चूक झाली."

"मग कधीचे?"

"बरेच आधीचे."

साहेबांनी माझी यादी काढली, वाचली. "गोल रचल्याबद्दल समज द्यावी, हा शेरा तुमचा?"

"हो साहेब."

"समज कुणाला द्यायची? खड्ड्यातल्याला?"

आधी पारूबाई हसली. मग तिची टोळी, मग ट्रॅक्टरवाले, आणि शेवटी साहेब, पोट धरून. माझ्या नोकरीवर गदा यायची ती त्या हसण्यात कुठं वाहून गेली कुणास ठाऊक. हसून झाल्यावर त्यांनी जीपच्या बॉनेटवर यादी ठेवली आणि लाल पेनानं आडवं लिहिलं: "अकरावा ढीग फोडून पाहिला. आत माती व पुरातन वस्तू आढळल्या. सर्व अठरा ढीग नामंजूर. येथील एकही दगड कोणत्याही कामावर वापरू नये."

गुरुजी बॉनेटपाशी उभे होते. सही झाल्यावर म्हणाले, "शिक्का?" शिक्का बसला. "तारीख?" तारीख पडली. बत्तीस दरख्वास्तींनी जे झालं नाही ते एका नापास शेऱ्यानं झालं. गुरुजी पुढं वर्षभर गावात सांगत फिरत होते, "आमची शाळा जिल्ह्यात एकच. अठरा वर्ग, समदे नापास, अन् म्हनून समदे वाचले!"

खाण पलीकडच्या डोंगरावर निघाली. टोळीचा अंदाज चार महिन्यांचा होता, सहा महिने काम मिळालं. साहेबांनी त्या शेऱ्याची नक्कल जोडून वर पत्र लिहिलं, आणि या वेळी कागद पोचला. पुराणवस्तूंची माणसं तंबू घेऊन आली. तरुण, हुशार, मोठमोठी यंत्रं घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी धोंडे मोजले, दोनशे बारा भरले. गुरुजी म्हणाले, "पुन्हा मोजा. एकशे एक्क्याण्णव अन् एकशे ब्याण्णव बाभळीच्या मागं बसतेत, वर्गात लाजतेत." पुन्हा मोजलं. दोनशे चौदा. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या प्रमुखानं गुरुजींचं रजिस्टर मागून घेतलं, आणि जो नकाशा तयार झाला त्यात प्रत्येक धोंड्याला गुरुजींचाच नंबर पडला. आज माळावर संरक्षित जागेचा निळा फलक आहे. कुंपण आहे. अकराव्या ढिगातलं मडकं वस्तुसंग्रहालयात काचेत आहे आणि त्याच्याखाली आजही चुंबळ आहे. ती काढायचं ठरलं होतं, पण दुसऱ्या कशावर मडकं तसं बसेना.

गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या अंत्ययात्रेला तिन्ही मसणवट्यांच्या वाटांवरची माणसं आली होती, एवढं सांगितलं की पुरे.

मी निवृत्त झाल्यावर एकदा त्या बाजूला गेलो. सकाळची वेळ होती. माळ चढून दम लागला, म्हणून टेकलो.

"सातवर कोन बसलंय?"

मी ताडकन उठलो. पारूबाई. वाकलेली, हातात छत्री, गुरुजींचीच. रजिस्टर नव्हतं, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळा पट तोंडपाठ होता.

"अगं माय, ओवरसेर!" ती म्हणाली. "म्हातारे झाले की हो! चुना आनला का?"

मग तिनं छत्री उचलली आणि हजेरी पुढं सुरू केली. "सात?"

"हजर," मी म्हणालो.

"तुमाला कोन इचारलं?" ती फिस्कारली. "गप उभं ऱ्हावा. त्येला बोलू द्या."

आम्ही दोघं थांबलो. वाऱ्याची एक झुळूक कुंपणातून गेली, गवत हललं.

"हां," पारूबाई म्हणाली, आणि छत्री पुढच्या धोंड्याकडं वळवली. "आठ?"